लाडवाचा लिलाव : हरणाऱ्यांचं काय?
(गणेशोत्सवातील भाषण)



बालापूरचा लाडू हैदराबादकरांना सांगायला नको. अकोल्याचं नव्हे, आपलं बालापूर! 1994 साली 450 रुपयांना गेलेला लाडू 2024 मध्ये 30 लाख 1 हजारांना गेला. आमचा लाडू गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी असतो आणि दरवर्षी तेच चार-पाच हात वर होतात.

यात एक गोम आहे. समोरच्याने वीस हजार म्हटले आणि आपण एकवीस म्हटले, तर निधीत भर पडते फक्त एक हजाराची. त्याचे वीस त्याच्याच खिशात राहतात. म्हणून कार्याची तळमळ असलेला माणूसही म्हणतो, "जाऊ दे, वीस हजार तर येतातच आहेत." 2005 साली चार अर्थशास्त्रज्ञांनी हेच गणिताने मांडलं. त्यांचा उपाय असा, की जो बोली लावेल त्याने हरला तरी पैसे भरायचे.

कागदावर ठीक. पण अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बालवाड्यांच्या मदतीसाठी तिघा संशोधकांनी हे करून पाहिलं, तर अशा लिलावात लोक पुढेच येईनात. बंद पाकिटात बोली आणि जिंकणाऱ्यानेच भरायचं, या साध्या पद्धतीत जास्त पैसे जमले. हरूनही पैसे भरा म्हटल्यावर हात खाली जाणारच, हे आम्हाला तरी पटतं.

सोडतीची सूचनाही आली होती. पण तिकिटं विकायची म्हणजे लॉटरीच्या कायद्याशी गाठ. ती सोडून दिली.

खरा प्रश्न आमच्या एका काकूंनी विचारला होता, "माझ्या पाचशे एकला तुमच्या लिलावात जागा कुठे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

यंदा लाडू बोलीनेच जाईल. त्याआधी नारळ आणि फळांच्या परड्या, प्रत्येकी 51 रुपयांपासून. लाडवाचं "तीनवार" झालं की पावतीपुस्तक लगेच सभागृहात फिरेल. हरलेल्यांनी बोलीतलं जमेल तेवढं द्यावं, सक्ती नाही. काकूंचं नाव जिंकणाऱ्याच्याच पानावर लिहिलं जाईल.

आणि हो, बोलीची रक्कम विसर्जनाआधी. गेल्या वर्षीची यायला संक्रांत उजाडली, आणि मुलांच्या फीची तारीख काही आपल्यासाठी थांबत नाही.