मुंगीची वाट आणि उरलेला भात

घरातली मुंगी रोगजंतू वाहते ते पायांनी आणि अंगावरच्या बारीक केसांनी. मोरीची ओल, उकिरडा, मेलेले झुरळ आणि ओट्यावरचे ताट या सगळ्यांवरून तिची एकच वाट जाते. हिवतापाच्या परजीवीला डासाच्या शरीरात वाढावे लागते. इथे तसे नाही. मुंगी नुसती हमाली करते.

ब्रिटनमधील रुग्णालयांत घेतलेल्या शोधाची माहिती 1972 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सुमारे 2 मिलिमीटर लांबीच्या पिवळसर ‘फॅरो’ मुंग्यांवर साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास असे जिवाणू सापडले होते.

कोकणातल्या महाड-पोलादपूर भागात मुंग्या घरात शिरतात त्या मुख्यतः पावसाळ्यात. वारुळात पाणी आले की अंडी-अळ्या तोंडात धरून त्या जोत्याच्या आणि भिंतींच्या भेगा गाठतात. पुरानंतर धोका वाढतो. 22 जुलै 2021 रोजी सावित्री-गांधारी नद्यांचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. अशा पाण्याबरोबर गटारांची आणि शौचालयांची घाण चिखलात मिसळते आणि त्याच चिखलावरून मुंग्यांच्या रांगा फिरतात.

तरीही मुंगी माशीइतकी घातक नाही. माशी अन्नावर ओकते, विष्ठा टाकते. मुंगीमागे थोडेच जंतू राहतात. ते कुठे पडतात, याला महत्त्व आहे. कोरड्या साखरेत ओल नसल्याने जिवाणू वाढत नाहीत. उघडा राहिलेला भात, दूध किंवा कालवण मात्र त्यांना मानवते. पोषक अन्नात आणि उबेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. असे अन्न पुन्हा उकळले तरी स्टॅफिलोकॉकसचे विष टिकून राहू शकते.

म्हणून उरलेले अन्न झाकून थंड जागी ठेवणे आणि खरकटे रात्रीच काढणे, हा पहिला उपाय. मुंग्यांची रांग वासाच्या खुणेवर चालते; ती खूण साबणाच्या पाण्याने पुसली की वाट मोडते. फवारणीने दिसतात तेवढ्याच मुंग्या मरतात. फॅरो मुंग्यांचे वारूळ तर फुटून अनेक ठिकाणी वसते. साखरपाण्यात किंचित बोरिक ॲसिड घालून ठेवले तर मुंग्या ते वारुळात नेतात, पण ते मुलांच्या हाती लागू नये. फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. ते पाणी मात्र आठवड्याच्या आत बदलावे, नाहीतर मुंगी अडते पण डास वाढतात.