काळ्या वाळूची कुळकथा

आमच्या रत्नागिरीस रत्नदुर्गाच्या एका अंगास पांढरा समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगास, मांडवीस, काळा समुद्र. हीं नांवें पाण्यावरून नव्हे, वाळूवरून पडलीं. शिक्षकाचा पेशा करीत असतां मी मुलांना लोहचुंबक घेऊन मांडवीस नेत असें. काळे कण चुंबकास चिकटले कीं मुलें विचारीत, “गुरुजी, हें लोखंड येथें कोणीं टाकलें?” त्या प्रश्नाचें उत्तर हाच आजच्या भाषणाचा विषय.

तें लोखंड ज्वालामुखीचें. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीस लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस लोटला. तो पुरासारखा पसरे, थिजे, आणि त्यावर पुनः नवा थर येई. असें लक्षावधि वर्षें चाललें. आंबा घाटांतून जातांना कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच. आज उरलेला विस्तारहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. त्या काळ्या दगडाची झीज होऊन त्यांतील लोहकण पाण्याबरोबर किनाऱ्यास लागले.

परंतु ज्वालामुखीची सत्ता शिलारसाच्या सीमेपाशीं संपत नाहीं. १८१५ सालीं सुंबावा बेटावरील तांबोरा पर्वत फुटला. त्याचा गंधकयुक्त वायु आकाशांत उंच चढला, त्याचे सूक्ष्म थेंब बनले आणि त्यांनीं सूर्याचें ऊन अडविलें. दुसऱ्या वर्षीं हजारों मैल दूर युरोपांत उन्हाळा असा आलाच नाहीं. पिकें बुडालीं, लोक अन्नास महाग झाले. ही एका पर्वताची करणी. मग दख्खनचे उद्रेक केवढे घातक असतील! गंधकाच्या वायूनें कांहीं काळ गारठा, तर कार्बन डायऑक्साइडनें दीर्घकाळ उष्मा, असा दुहेरी मारा जीवसृष्टीस सोसावा लागला. त्याच सुमारास डायनोसॉरांचा वंश बुडाला. त्याचा मुख्य दोष मेक्सिकोंत आदळलेल्या अशनीकडे जातो; ज्वालामुखीचा वांटा किती, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे.

तरीहि जीवन हटलें नाहीं. दोन उद्रेकांमधल्या शांत काळांत थिजलेल्या दगडावर तळीं सांचलीं, आणि तेथें जीव पुनः नांदूं लागले. मुंबईस वरळीच्या टेकडींत अशाच थरांमधील गाळांत चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सांपडले. १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं त्यांचें वर्णन केलें.

ज्या दगडानें जाळलें त्यानेंच पुढें पोसलें. देशावर त्याची कसदार काळी माती झाली. आमच्या कोंकणांत धुंवाधार पावसानें त्यांतील विरघळणारीं द्रव्यें धुऊन नेलीं, लोह व अॅल्युमिनियम मागें राहिलें, आणि तांबडा जांभा तयार झाला. त्याच्याच चिऱ्यांचीं आमचीं घरें, आणि त्याच्याच कातळावर आमचा हापूस.

याच जांभ्याचे उघडे सडे दप्तरांत ‘पोटखराबा’ म्हणून नोंदले जातात. मीहि कित्येक वर्षें वर्गांत त्यांस ‘पडीक जमीन’ म्हणत आलों. ती माझी चूक, आणि ती आज जाहीरपणें कबूल करतों. पावसाळ्यांत त्याच कातळावर वीतभरहि उंच नसलेल्या फुलांचे गालिचे पसरतात, खळग्यांत बेडूक अंडीं घालतात. उक्षी, काशेळी येथें तर प्राचीन माणसानें कातळांत चित्रें कोरलीं आहेत. कोंकणांतील अशीं कातळशिल्पें २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादींत आहेत.

यंत्राला सडा फोडावयास कांहीं दिवस पुरतात. अग्नि, पाऊस आणि काळ यांना तो घडवावयास कोट्यवधि वर्षें लागलीं, आणि तो पुनः घडविण्यास आपल्यापाशीं दुसरा ज्वालामुखी नाहीं. म्हणून श्रोतेहो, येत्या श्रावणांत मुलांना घेऊन एकदां सड्यावर अवश्य जा. परततांना मांडवीस उतरा. खिशांत लोहचुंबक मात्र असूं द्या.