गिऱ्हाईक काही न बोलता निघून का जातं?

इअरफोन नीट लावा, कारण आजचा भाग खास त्यांच्यासाठी आहे, ज्यांना घरात कधी ना कधी ऐकावं लागलंय, "तुला मोबाइलमधलं सगळं कळतं ना, मग आपल्या दुकानाची वेबसाइट तूच बघ."

काकांचं दुकान असेल, मावशीचे मसाले असतील, मित्राचा होमस्टे असेल. साइट तयार होते. गूगलवर जाहिरात सुरू होते. प्रत्येक क्लिकला पैसे कापले जातात. लोक येतात, बघतात आणि काहीही न घेता निघून जातात.

का जातात? आज तेच बोलूया.

खऱ्या दुकानात गिऱ्हाईक वळलं की दुकानदार हाक मारतो, "काय झालं ताई, रंग नाही आवडला का?" वेबसाइटवर तशी सोय नाही. माणूस बॅक दाबतो, विषय संपला. तो तक्रारसुद्धा करत नाही. मग आपण अंदाज बांधतो: रंग बदलू, लोगो मोठा करू, जाहिरातीचं बजेट वाढवू. आणि पैसे पुन्हा तिथेच जातात.

याचा एक गाजलेला किस्सा सांगतो. जॅरेड स्पूल हे अमेरिकेतले वेबसाइट डिझाइनचे जाणकार. त्यांनी २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची गोष्ट लिहिली, दुकानाचं नाव न सांगता. तिथे वस्तू कार्टमध्ये टाकून चेकआउट दाबलं की एक छोटासा फॉर्म यायचा. ईमेल, पासवर्ड, एक लॉगिनचं बटण आणि एक रजिस्टरचं. बस, एवढंच. टीमला वाटायचं, एकदा नाव नोंदवलं की पुढच्या वेळी गिऱ्हाइकाचंच काम सोपं होईल.

मग त्यांनी खऱ्या माणसांना समोर बसवून खरेदी करायला लावलं. नवी माणसं रजिस्टर बघूनच वैतागली. मला वस्तू हवीय, तुमच्याकडे खातं कशाला उघडू? आणि जुन्या गिऱ्हाइकांना तरी सोपं गेलं का? छे! कुठला ईमेल दिला होता, पासवर्ड काय होता, काही आठवेना. दुकानाचा डेटा तपासला तर ४५ टक्के ग्राहकांची एकापेक्षा जास्त खाती निघाली. रोज सुमारे १ लाख ६० हजार लोक विसरलेला पासवर्ड मागत होते, आणि त्यातले ७५ टक्के पुन्हा खरेदीकडे वळतच नव्हते.

उपाय काय केला? रजिस्टरच्या जागी "पुढे जा" असं बटण आणि शेजारी एक ओळ: खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरनी वाढली. एका बटणामुळे!

आता हे आपल्याकडे आणूया. समजा, काकांचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "पारंपरिक हस्तनिर्मित चर्मपादत्राणे". वाचायला भारी! पण सर्चमध्ये हे टाइप कोण करतं? लोक शोधतात "लग्नासाठी कोल्हापुरी", "ओरिजिनल कोल्हापुरी किंमत", "चप्पल चावते काय करू". बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, कुणी थेट माइक दाबून बोलतं.

हे शब्द कुठे सापडतात? पहिली जागा, गूगल सर्च कन्सोल. फुकट आहे. लोकांनी काय शोधल्यावर तुमची साइट दिसली आणि किती जणांनी क्लिक केलं, ते तिथे कळतं. साइट दिसते बऱ्याच जणांना पण क्लिक कमी? आधी तुमचं शीर्षक त्यांच्या शब्दांशी जुळतंय का बघा. क्लिक येतात पण खरेदी नाही? मग अडचण बहुतेक आतल्या पानावर आहे.

दुसरी जागा, गूगल ॲड्सचा सर्च टर्म्स रिपोर्ट. तिथे दिसेल की "चप्पल दुरुस्ती" शोधणाऱ्यांच्या क्लिकचेही पैसे तुम्ही भरताय. असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका, खर्च तिथेच थांबतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा हं. आकडे सांगतात, माणूस *कुठे* अडला. *का* अडला, ते माणसाला बघूनच कळतं.

त्यासाठी कंपनी लागत नाही. जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब आजही कामाला येतो: एका फेरीत ५ माणसं बसवली, तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. तर ५ जण शोधा. साइट बनवणारे मित्र नकोत. शेजारच्या काकू, कॉलेजची मुलगी, ज्यांनी साइट कधी पाहिली नाही असे कुणीही. त्यांचाच मोबाइल, त्यांचंच नेटवर्क.

"साइट कशी वाटली?" असं विचारू नका. सगळे छान म्हणतील, आपली माणसं आहेत ती! त्यांना काम द्या: "भाच्याचं लग्न आहे, दीड हजारात तुमच्या मापाची जोडी ऑर्डर करायला घ्या." आणि मग गप्प बसा. खरंच गप्प. बोट कुठे थांबतंय ते बघा. काकू मापाच्या तक्त्यावर अडकल्या, "हे सेंटिमीटरमध्ये काय लिहिलंय?" म्हणाल्या, की तुमचं उत्तर मिळालं. आता पाय कसा मोजायचा याचा एक फोटो टाका. "कोल्हापुरी चपलेचं माप कसं घ्यायचं" असं त्या पानाला शीर्षक द्या. काकूंचं काम झालं, आणि हाच प्रश्न सर्चमध्ये विचारणाऱ्यालाही तुम्ही सापडण्याची शक्यता वाढली. बघा, सर्च आणि डिझाइन दोन्हीकडे प्रश्न एकच: हा माणूस काय करायला आलाय?

आणि हो, बघायचं म्हणजे चोरून नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, फोन नंबर गरजेपुरताच मागा. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण विश्वास त्याच्याही आधी येतो.

तर या आठवड्याचं काम: जाहिरातीचं बजेट वाढवण्याआधी ५ माणसं आणि एक तास. काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा, त्यातले काही अनुभव पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत ऐकत राहा, आणि गिऱ्हाइकाचंही ऐका. भेटूया!