पाणी कितव्या पायरीपर्यंत येईल?



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण लवकरच परदेशी निघतील, काहींची नोकरी पुण्यात ठरली आहे, काही इथं सांगलीतच राहणार आहेत. मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला पुराच्या पाण्याची गणितं मांडायला गेले आणि बरीच वर्षं तिथं राहिले. त्या काळात माझी एक समजूत पक्की झाली. ज्याच्या घरात पाणी शिरणार आहे त्याच्यापर्यंत आपलं गणित पोचत नसेल आणि त्याचं म्हणणं आपल्या गणितात शिरत नसेल, तर ते काम अर्धंच झालेलं असतं.

१९५३ साली, ३१ जानेवारीच्या रात्री, उत्तर समुद्र बांध फोडून नेदरलँड्सच्या नैर्ऋत्य भागात घुसला. १,८३६ माणसं गेली. हे बांध कमी पडतील असं योहान फान वेन नावाचे सरकारी अभियंते कित्येक वर्षं सांगत होते. त्या शनिवारी संध्याकाळी वादळाचा इशाराही निघाला होता. पण रात्री रेडिओ बंद असायचा, आणि गावं झोपलेली होती. अंदाज बरोबर येणं आणि माणूस वाचणं यांत केवढं अंतर असतं, ते मला हा इतिहास वाचताना कळलं. पुढं माझ्या अभ्यासाचा तोच विषय झाला.

त्या पुरानंतर डच लोकांनी डेल्टा योजना हाती घेतली. तिच्यातला ओस्टरस्खेल्डेचा अडसर बघायला जगभरातून माणसं येतात. ६५ अवाढव्य खांब, त्यांच्यामध्ये ६२ पोलादी दारं, ४ ऑक्टोबर १९८६ रोजी उद्घाटन. मला त्या दारांचं मोल फार वाटतं, कारण मूळ आराखड्यात ती नव्हतीच. खाडीचं तोंड कायमचं बुजवायचं ठरलं होतं. तसं झालं असतं तर आतलं खारं पाणी गेलं असतं आणि त्याबरोबर यर्सेके गावची कालवं-शिंपल्यांची शेतीही. मच्छीमार आणि पर्यावरणवाले विरोधात उभे राहिले. शेवटी सरकारनं निर्णय फिरवला आणि अभियंत्यांनी नव्यानं आराखडा काढला. आज एरवी भरती-ओहोटी चालू असते, आणि समुद्र तीन मीटरच्या वर चढणार असं दिसलं की दारं खाली उतरतात. खर्च वाढला, वर्षं वाढली. तरीही स्थापत्याचं इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्याचं निम्मं श्रेय मी शिंपले काढणाऱ्या माणसांना देते.

मी तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. तरीही पहिल्याच वर्षी माझ्या नावानं पाण्याच्या मंडळाचं बिल आलं. बांध, कालवे, पंप यांचा कारभार पाहणारी अशी २१ मंडळं त्या देशात आहेत. काहींची मुळं तेराव्या शतकातली, आणि त्यांच्या निवडणुका आजही होतात. मला तिथली भाषा येत नव्हती, शेजाऱ्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती. पण हा मुलूख कोरडा ठेवायच्या खर्चात माझाही वाटा आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. परक्या गावात आपण कुणाच्या तरी हिशेबात आहोत, हे मला त्या कागदानं जाणवून दिलं.

ओव्हरडिप नावाच्या भागात तर शेतकरी सरकारच्या पुढं गेले. नदीला जागा मोकळी करायची म्हणून तिथल्या वस्तीवर गदा येणार होती. शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा काढला: बांधाच्या कडेनं उंचवटे घालू, त्यावर घरं आणि गोठे नेऊ, आणि मोठा पूर आला की आमच्या कुरणांत पाणी घ्या. असे आठ उंचवटे उभे राहिले. जागा पुरेना म्हणून काही कुटुंबांना गाव सोडावं लागलं, हेही सांगायला हवं. पण हा तोडगा कुठल्याही संगणकातून निघाला नव्हता. संगणकानं नंतर तो तपासून दिला.

तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला एकदा विचारलं, "तुमच्याकडे पाणी वाटतं कोण?" त्या प्रश्नापायी मी धुळ्याच्या पांझराकाठच्या फड पद्धतीपर्यंत गेले. बंधारा, पाट, फडाफडानं पीक ठरवणारे शेतकरी, आणि प्रत्येकाच्या शेताला पाणी देणारा पाटकरी: हे सगळं कित्येक पिढ्या चाललेलं. मग १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत. साळुंखे स्वतः अभियंते, पुण्यात कारखाना चालवणारे. त्यांनी पाणी जमिनीच्या नव्हे, माणसाच्या हिशेबानं वाटलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. हे मी डेल्फ्टच्या ग्रंथालयात बसून वाचत होते. परदेशी राहण्याचा मला झालेला सगळ्यांत मोठा फायदा कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. दुरून पाहिल्यावर आपल्याकडचं काम कोणत्या उंचीचं आहे ते कळतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी तिकडेच होते. पडद्यावर उपग्रहाची चित्रं होती, कोयना धरणातून सुटणारं पाणी क्युसेकमध्ये होतं. इकडं सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आईचा फोन आला. ती म्हणाली, "एवढंच सांग, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत येईल? धान्य वर न्यायचं का गच्चीवर?" एवढी साधनं हाताशी असून त्यातलं एकही तिच्या जिन्यापर्यंत पोचत नव्हतं. सांगलीतला माणूस क्युसेक विचारत नाही. तो विचारतो, "आयर्विनला किती झालं?" आणि त्या फुटांवरून सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, आपली गल्ली असा हिशेब लावतो. हे पिढीजात ज्ञान आहे. पुराच्या कुठल्याही यंत्रणेनं तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

तुमच्या हातात आता आमच्यापेक्षा फार पुढची साधनं आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता काही मिनिटांत नदीचा अंदाज देईल, आणि तो द्यावाच. मला तिची भीती वाटत नाही. मला काळजी आहे ती वेगळीच. आईचा प्रश्न त्या यंत्राला घालणारं माणूस खोलीत असेल का? तिचा जिना ज्यानं पाहिला आहे, असं माणूस. जे परदेशी जाणार आहेत त्यांनी खुशाल जावं, तिथं जीव ओतून काम करावं. तुम्ही गेलात म्हणून गावाशी बेइमानी होत नाही. जे इथं राहणार आहेत त्यांना कुणी मागं राहिलेले म्हणू नये. ह्या कामाला दोन्हीकडची माणसं लागतात.

आणि एक काम मी आजच तुमच्यापुढं ठेवते. नदीकाठच्या गावांत घरांच्या, देवळांच्या, शाळांच्या भिंतींवर २००५ आणि २०१९ च्या पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत. दर दिवाळीच्या रंगकामात त्यांतल्या काही पुसल्या जातात. त्या मोजायच्या, घरातल्या मोठ्या माणसांना विचारून तारीख-वेळ लिहायची, आणि आयर्विनच्या फुटांशी जोडून प्रत्येक गल्लीचा तक्ता करायचा. आकडेमोड मी आणि माझे विद्यार्थी करू. भिंतीपर्यंत जाणारी माणसं मात्र तुमच्यातूनच हवीत. सुरुवात भिलवडीपासून करावी असं माझ्या मनात आहे, पण ते तुम्ही ठरवा. तिथल्या वाटा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत.