प्लॅस्टिकचा करार आणि एकमताचा पेच



सकाळी आपल्या दारात पिशवीतले दूध येते आणि पहिल्या पावसात तसल्याच पिशव्यांनी गटार तुंबते. इथपर्यंत हा प्रश्न नगरपालिकेचा आहे. परंतु गटारातील पिशवी ओढ्यानदीवाटे समुद्राला मिळाली, म्हणजे ती कोणत्या राष्ट्राची, हे कोणी सांगावे? म्हणूनच हा प्रश्न राष्ट्रांच्या सभेत न्यावा लागला.

जगात दरसाल ४० कोटी टनांहून अधिक प्लॅस्टिक तयार होते. आजवरच्या टाकाऊ प्लॅस्टिकपैकी शेकडा दहा भागही पुन्हा उपयोगात आलेला नाही. हे ध्यानी घेऊन २ मार्च २०२२ रोजी नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने ठरविले की, प्लॅस्टिकच्या उत्पत्तीपासून अखेरीपर्यंतचा विचार करणारा बंधनकारक करार २०२४ अखेर सिद्ध करावा. पुढे उरुग्वे, पॅरिस, नैरोबी, ओटावा व बुसान येथे बैठका झाल्या. मुदत टळली. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची बैठकही कराराविना उठली.

घोडे अडले कोठे? एक पक्ष म्हणतो, उत्पादनालाच मर्यादा घाला. बुसानला पनामाने तशी सूचना मांडली आणि शंभरावर राष्ट्रांनी तिला पाठिंबा दिला. दुसरा पक्ष म्हणतो, दोष प्लॅस्टिकचा नव्हे, कचऱ्याच्या अव्यवस्थेचा. ह्या पक्षात सौदी अरेबिया, रशिया यांसारखे तेलसंपन्न देश आहेत. बहुतेक प्लॅस्टिक खनिज तेल व वायूपासूनच होत असल्याने त्यांचा हितसंबंध उघड आहे. उत्पादनमर्यादेला भारताचाही विरोध आहे. आमच्या विकासाचा हक्क काय, आणि नव्या व्यवस्थेचा खर्च कोणी सोसावा, हे त्याचे प्रश्न आहेत. ते स्वार्थाचे म्हणून झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही.

पण खरी गाठ याहून खोल आहे. पॅरिसच्या बैठकीत पहिले दोन दिवस एकाच वादात गेले: एकमत न झाल्यास मतदान घ्यावे की नाही? भारतासह काही राष्ट्रांनी एकमताचा आग्रह धरला. एकमत हा शब्द कानाला गोड लागतो. तथापि त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की ज्याला विहीर उपसायचीच नाही, त्याच्याच हाती दोर द्यावयाचा! उलट नुसते बहुमत म्हटले, तर दुर्बळांना आपले हित बुडेल ही धास्ती वाटते. मग वाट कोणती?

ती पूर्वी एकदा सापडलेली आहे. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला, तेव्हा तो अपुराच होता. काही मोजक्या रसायनांवरच त्याने बंधन घातले. १९९० साली लंडनला तो कडक झाला आणि विकसनशील देशांसाठी निधी ठरला. १९९२ साली भारतही सामील झाला. त्यात ठरलेली मर्यादा आवळण्याचा नियम असा आहे: आधी एकमताचा पुरेपूर प्रयत्न करावा; ते न साधल्यास दोन-तृतीयांश मते घ्यावीत, आणि विकसित व विकसनशील अशा दोन्ही गटांत वेगवेगळे बहुमत असावे. म्हणजे कोणा एकाला सर्वांची वाट अडविता येत नाही, आणि बलिष्ठांना दुर्बळांवर निर्णय लादताही येत नाही.

प्लॅस्टिकचा पसारा त्या रसायनांहून कितीतरी मोठा आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच पहिला करार परिपूर्ण असावा असा माझा हट्ट नाही. तो वाढू शकणारा असावा, एवढेच मागणे आहे. आपल्या महाराष्ट्राने २०१८ साली प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घातली. त्या बाजारात पुन्हा कशा आल्या, हे आपण जाणताच. वस्तू निर्माण होत राहिली, की ती वाट काढतेच.

भारताने आपला निधीचा आग्रह मुळीच सोडू नये. परंतु एकमताचा आग्रह मात्र सोडावा. हे दिल्लीला सांगणारे लोकमत अशाच सभांतून घडावयाचे आहे.