डिझेल इंजिनाची छोटी प्रतिकृती
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस 'निवृत्तीनंतरचा वेळ' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. त्या विषयावर उपदेश ऐकण्याची हौस येथे फारशी कोणास असेल असे वाटत नाही. म्हणून गेली दोन वर्षे आमच्या टेबलावर जे काम चालू आहे त्याचीच हकीकत सांगण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. परदेशी बनावटीच्या एका छोट्या डिझेल इंजिनास आपल्या रेल्वेच्या 'डब्ल्यूडीएम-२' या इंजिनाचे रूप देणे, हे ते काम. याला कोणी पोरखेळ म्हणतील. म्हणोत बापडे.

प्रथम मूळ इंजिनाविषयी. नावातील 'डब्ल्यू' म्हणजे रुंदमापी मार्ग, 'डी' म्हणजे डिझेल आणि 'एम' म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्या ओढणारे. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्याची ही इंजिने १९६२ साली आपल्याकडे प्रथम आली आणि १९६४ पासून बनारसच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. अडीच हजारांहून अधिक इंजिने निघाली. आज रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पुरे होत आले असून यांपैकी बहुतेक भंगारात गेली आहेत.

आमचे थोरले मामेभाऊ पुणे–मिरज मार्गावर हेच इंजिन चालवीत. शिंदवणे आणि आदर्कीचे घाट त्यांनी किती वेळा चढले-उतरले असतील याची गणती नाही. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू मंदावत आहे. 'दिसते आहे तोवर माझे इंजिन एकदा करून दे,' एवढेच ते म्हणाले, आणि एका महिन्याचे निवृत्तिवेतन आमच्या हाती ठेवले. घरच्या मंडळींना हा खर्च रुचला नव्हता, हे येथे सांगितलेच पाहिजे. त्यामुळे विकत आणलेल्या इंजिनावर करवत चालविताना आमच्या मनावर दडपण होते. एकदा कापलेले परत सांधता येत नाही, आणि दुसरे आणण्याइतके पैसे कोणाकडेच नव्हते.

छोट्या रेल्वेत सर्वाधिक प्रचलित प्रमाण १ : ८७ आहे. मूळ इंजिन बफरपासून बफरपर्यंत सुमारे १७.१२ मीटर, म्हणजे प्रतिकृती १९७ मिलिमीटर भरावी. चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, तो येथे साडेबारा. त्रैराशिक येणाऱ्या कोणत्याही मुलास हा हिशेब जमेल. आम्ही शेजारच्या मुलांकडून तो करवून घेतला आणि मगच ताळा पाहिला.

आपल्या इंजिनाची तयार प्रतिकृती बाजारात सहजासहजी मिळत नाही. म्हणून अल्कोच्याच सहा आसांच्या एका अमेरिकन इंजिनाची प्रतिकृती घेतली. तिच्या बोगीत तीन आसांमधील अंतरे सारखी नाहीत, आणि आपल्या इंजिनाचेही तसेच आहे. हे साम्य नसते तर सगळा खटाटोप फुकट होता. यंत्र मात्र आम्ही हलविले नाही. मध्यभागी मोटर, तिच्या दोन्ही टोकांस दांडे, दांड्यांच्या शेवटी मळसूत्री दातचक्र, आणि रुळांतून चाकांवाटे येणारा बारा व्होल्टचा प्रवाह. जे सुरळीत चालते आहे त्यात हात घालू नये. बदलावयाचे ते वरचे प्लॅस्टिकचे कवच.

आधी जाड पुठ्ठ्याचे कवच करून ते यंत्रावर बसवून पाहिले. लांब नाक, आखूड नाक आणि दोहोंच्या मध्ये चालकाची खोली, यांची मापे आराखड्याप्रमाणे जुळविली आणि दादांना बोलाविले. त्यांनी बोटांनी चाचपून सांगितले, 'अरे, खोलीची खिडकी खाली गेली आहे. मी उभा राहिलो की माझे कोपर तिच्यावर टेकत असे.' आराखडा पुन्हा पाहिला. झेरॉक्स काढताना कागद किंचित आखडला होता. दादांचे कोपर अचूक होते! तेव्हापासून आराखडा आणि कोपर असे दोन साक्षीदार आम्ही मानले.

करवतीचे पाते बारीक असले तरी ते स्वतःच्या जाडीइतके साहित्य खाते. सुमारे ०.३ मिलिमीटर खाल्ले तर मूळ इंजिनात ती सव्वीस मिलिमीटरची चूक होते. म्हणून रेघेवर न कापता टाकाऊ बाजूने कापावे, आणि उरलेले पॉलिशपेपरने घासून रेघेपर्यंत आणावे. अमेरिकन घंटा, पुढच्या पायऱ्या आणि त्यांचा तो मुठीसारखा जोड काढला. नव्या भागांसाठी अर्ध्या मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे पत्रे वापरले, सांधे पुट्टीने भरले. लांब नाकाच्या टोकाशी मोठा पंखा आणि बाजूस त्याची झडपे येतात, तेथे फार वेळ गेला. झडपेची प्रत्येक पट्टी वेगळी कापून चिकटविली, कारण छापील रेघा दादांच्या बोटांना कळणार नव्हत्या. कठडे ०.४ मिलिमीटर पितळी तारेचे करून त्यांस डाख दिला. प्लॅस्टिकचे कठडे हाताळण्यात पहिल्याच दिवशी मोडले असते. क्रमांकही रंगविला नाही, उठावाचा केला.

आता खरी अडचण. आपला रुंदमापी मार्ग १६७६ मिलिमीटरचा. १ : ८७ प्रमाणात तो १९.२६ व्हावयास हवा. परंतु बाजारातील छोटे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, म्हणजे ते १४३५ मिलिमीटरच्या परदेशी मार्गाचे. पावणेतीन मिलिमीटरचा हा फरक समोरून पाहिल्यास लपत नाही. दादांनी टेबलावर हनुवटी टेकवून पाहिले आणि म्हणाले, 'चाके आत ओढलेली दिसतात. असे इंजिन घाटात उलटेल.' आस लांब करून स्वतःचे रूळ घालणे शक्य होते; पण मग ते इंजिन जगातील दुसऱ्या कोणत्याही टेबलावर चालले नसते. आम्ही आस तसेच ठेवले. दादांना ते अद्याप मान्य नाही, आणि या मुद्द्यावर आमचे एकमत होईल अशी चिन्हे नाहीत.

बफरांचाही असाच पेच आहे. आपल्या रुंदमापी मार्गावर सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे असते. प्रमाणात ती त्रिज्या दोन मीटर होते. घरातल्या टेबलावर मोठ्या कष्टाने अर्धा मीटर मिळते! एवढ्या आवळ वळणावर इंजिनाचा बफर डब्याच्या बफरामागे अडकतो आणि गाडी घसरते. म्हणून डब्यांकडील बाजूचे बफर काढता येतील असे करीत आहोत, पुढचे कायमचे बसविले.

रंगाविषयी थोडक्यात. प्रत्येक शेडचा रंग निराळा आणि तोही काळानुसार बदले. यास्तव साल ठरविल्याखेरीज रंग ठरवू नये. जुन्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रावर विसंबणाऱ्यांची तेथे फसगत होते. नवा कोरा रंग देऊन झाल्यावर दादांनीच तो मळविण्यास सांगितला. टर्बोला वेग घेण्यास वेळ लागे, त्यामुळे एकदम जोर दिला की इंजिन काळाकुट्ट धूर ओके. धुराड्यामागचे छप्पर काजळलेले हवे. चाकांपाशी वाळूच्या नळ्या आहेत. ओल्या रुळांवर चाके घसरू नयेत म्हणून वाळू सोडीत, तिचे पांढुरके डाग हवेत. कोरडा ब्रश जवळजवळ रंगाविना फिरविला की हे साधते. मुले हे काम आवडीने करतात.

ज्यांना अशी कामे पाहण्याची इच्छा असेल त्यांनी पुण्यास कोथरुडातील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांसह अवश्य पाहावे. ते १९९८ पासून आहे.

इंजिन सध्या दादांच्या घरी आहे. आखूड नाक पुढे ठेवावे असा त्यांचा आग्रह आहे, कारण लांब नाक पुढे असले की त्या लांबीपलीकडचा सिग्नल खोलीतून नीट दिसत नसे. दिवसातून दोनदा ते त्याला हातभर रुळावर पुढेमागे चालवितात आणि कठड्यावरून बोट फिरवितात. मागच्या बाजूचे काढते बफर अजून व्हावयाचे आहेत. पितळी सळई मिळाली की ते दिवाळीपूर्वी पुरे करू.