शस्त्रसंधी आणि 'घरातला मामला'

(महिला दिनानिमित्त झालेल्या चर्चासत्रातील भाषण)

मी आज उत्तर आयर्लंडबद्दल बोलणार आहे. तिथला शांतता करार जगभर यशस्वी म्हणून सांगितला जातो, आणि बऱ्याच अंशी तो यशस्वी आहेही. तरीही सही झाल्यावर नऊ वर्षे तो अडखळत राहिला. का, ते आपण समजून घ्यायला हवे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. ब्रिटनमध्येच राहायचे म्हणणारे बहुतेक प्रोटेस्टंट आणि आयर्लंडमध्ये सामील व्हायचे म्हणणारे बहुतेक कॅथलिक, यांच्या संघर्षात तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसे मेली. एकीकडे आयआरए, दुसरीकडे यूव्हीएफ, यूडीए अशा सशस्त्र संघटना, आणि त्यात ब्रिटिश लष्कर. १० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. वाटाघाटींत बायकाही होत्या. दोन्ही समाजांतल्या बायांनी १९९६ मध्ये विमेन्स कोअलिशन हा पक्ष काढला, जेमतेम एक टक्का मते मिळवली आणि मोनिका मॅकविल्यम्स व पर्ल सेगर चर्चेला जाऊन बसल्या. हिंसाचारात होरपळलेल्यांचे प्रश्न आणि बायकांचा राजकीय सहभाग हे मुद्दे त्यांनी लावून धरले. सार्वमतात ७१ टक्के लोकांनी कराराला कौल दिला.

मग घोडे अडले कुठे? शस्त्रांवर, असे सगळे सांगतात. दोन वर्षांत शस्त्रे निकालात निघावीत अशी अपेक्षा होती. आयआरएने ते काम २००५ मध्ये पुरे केले, यूव्हीएफने २००९ मध्ये आणि यूडीएने २०१० मध्ये. पण बंदूक फक्त शत्रूवर रोखलेली नव्हती, ती आपल्याच वस्तीवरही होती. कॅथलिक वस्त्यांचा पोलिसांवर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणेही होती. तेव्हा न्यायनिवाडा संघटनाच करायच्या. चोऱ्या करणाऱ्या पोराच्या गुडघ्यात गोळी घालायची, कोणाला दांडक्यांनी बडवायचे, कोणाला हद्दपार करायचे. प्रोटेस्टंट वस्त्यांतही हेच. दुकानदारांकडून खंडणी, तस्करी, अमली पदार्थांचा धंदा. २००० साली यूव्हीएफ आणि यूडीए यांच्या आपसातल्या भांडणात बेलफास्टच्या शँकिल भागातून शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. तो दुसऱ्या समाजाने केलेला हल्ला नव्हता.

करार झाल्यावर याचे काय करायचे? जुलै १९९९ मध्ये बेलफास्टमधल्या एका तरुणाची हत्या झाली आणि आयआरएकडे बोट दाखवले गेले. शस्त्रसंधी मोडली का, हे ठरवायचे होते मंत्री मो मोलम यांना. त्या स्वतः बाई, आणि करारासाठी जिवापाड राबलेल्या. शस्त्रसंधी संपलेली नाही, असा निर्णय त्यांनी दिला. उलट निर्णय दिला असता तर सगळा डोलारा कोसळण्याची भीती होती, हे मान्य करायला हवे. पण अशा हत्यांना तेव्हा 'अंतर्गत साफसफाई' म्हटले जाऊ लागले. म्हणजे समोरच्याला मारले तर शस्त्रसंधीचा भंग, आणि आपल्यातल्याला मारले तर तो आपसातला प्रश्न!

मैत्रिणींनो, ही भाषा आपण कुठे ऐकली आहे? नवऱ्याने डोके फोडलेली बाई चौकीवर जाते तेव्हा तिला हेच ऐकवतात: घरचा मामला आहे, घरात मिटवा. १९८३ मध्ये ४९८ अ कलम आले, त्यामागे या एका वाक्याशी केलेली झुंज होती. घर मोडू नये म्हणून बाईने सोसायचे, आणि करार मोडू नये म्हणून वस्तीने.

आणि सोसून करार वाचला का? नाही. २००२ मध्ये तिथले सरकार बरखास्त झाले. डिसेंबर २००४ मध्ये नवी बोलणी फिसकटली आणि त्याच महिन्यात बेलफास्टच्या एका बँकेवर अडीच कोटी पौंडांहून मोठा दरोडा पडला. पोलिसांनी आयआरएवर ठपका ठेवला, आयआरएने तो नाकारला. ३० जानेवारी २००५ रोजी एका दारूच्या गुत्त्याबाहेर रॉबर्ट मॅकार्टनी या कॅथलिक माणसाला भोसकून मारले. मारणाऱ्यांत आयआरएची माणसे होती. आत सत्तरेक माणसे होती, पण कोणी काही पाहिलेच नव्हते.

गप्प बसल्या नाहीत त्या त्याच्या पाच बहिणी आणि त्याची जोडीदारीण. त्या त्याच वस्तीतल्या, बाहेरच्या नव्हेत. ८ मार्चला, हो, महिला दिनीच, आयआरएने जाहीर केले की मारेकऱ्यांना गोळ्या घालण्याची तयारी आम्ही कुटुंबाला दाखवली होती. बहिणींना ते नको होते. त्यांना साक्षीदार हवे होते, कोर्ट हवे होते. त्यांनी जगभर आवाज उठवला. पण धमक्या आल्या, आणि खुनाबद्दल आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही. त्याच जुलैमध्ये आयआरएने सशस्त्र लढा संपल्याचे जाहीर केले. २००७ च्या जानेवारीत सिन फेन पक्षाने पोलिसांना मान्यता दिली आणि मे महिन्यात सरकार पुन्हा उभे राहिले. करार वाचवण्यासाठी जो प्रश्न बाजूला सारला होता, त्याला हात घातल्यावरच गाडी पुढे सरकली.

पुरती सुटका मात्र अजून झालेली नाही. या टोळ्यांवर नजर ठेवायला २०१७ मध्ये आयोग नेमावा लागला. त्यांचे लोक आजही अडल्यानडल्या घरांना कर्ज देतात आणि वसुलीला दारात उभे राहतात. त्या दाराआड बहुतेक वेळा बाईच असते.

म्हणून कुठलाही तह झाला की आपण विचारले पाहिजे: वस्तीत बाई तक्रार घेऊन कोणाकडे जाणार? साक्ष दिली तर ती सुखरूप घरी परतेल का? या प्रश्नांना 'आधी करार होऊ द्या, मग बघू' असे उत्तर मिळाले, तर ते आपण मान्य करायचे नाही.